विषय रुंद करणारी

बंद पडलेला कार्यक्रम परत सुरू करायचा, तर आधी श्रोत्यांनाच विचारू या त्यांना कशावर बोलायचंय, असं आमच्या नव्या प्रोड्युसरने ठरवलं. ती वयाने माझ्या मुलीएवढी आहे आणि तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जरा रागच आला. सहा वर्षांपूर्वी कार्यक्रम बंद केला तेव्हा श्रोत्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मलाही नाही. दर गुरुवारी रात्री दहा ते बारा, एक विषय, एक निवेदक आणि फोन करणारी माणसं, एवढाच तो कार्यक्रम. मी त्यातली फोन उचलणारी बाई. माझा आवाज कधी रेडिओवर गेला नाही, पण रेडिओवर गेलेल्या प्रत्येकाने आधी माझा आवाज ऐकलेला असायचा.

मला परत बोलावलं ते मी जुन्या श्रोत्यांना ओळखते म्हणून. अंधेरीच्या ऑफिसात बिनखिडकीच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि आलेल्या व्हॉइस नोटा ऐकून विषयांची यादी करायची, हे माझं काम. तेही भर दुपारी. रात्रीच्या कार्यक्रमाचं खरं काम दुपारी होतं हे बाहेर कोणाला पटत नाही. नवरा अजून विचारतो, एवढ्या लवकर जाऊन तू करतेस काय?

लोकांनी भरपूर पाठवलं. बोरिवलीच्या एका बाईंना सोसायटीच्या गच्चीची चावी नेमकी कोणाकडे असावी यावर दोन तास चर्चा हवी होती, आणि ती सध्या कोणी दाबून ठेवली आहे तेही त्यांनी फ्लॅट नंबरासकट सांगून टाकलं होतं. मुलुंडच्या एका गृहस्थांचा विषय होता, रिटायर झाल्यावर स्वयंपाकघरात माणसाने उभं कुठे राहायचं. कांजूरमार्गच्या एका मुलीने विचारलं होतं, आमच्याकडे कचऱ्याच्या डोंगराचा वास येतो, पण तो आम्हाला पाहुणे आले की मगच येतो, एरवी येत नाही, तर यावर काही बोलता येईल का? मी हसले आणि हाताने आपल्या सवयीने तिच्या विषयापुढे लिहिलं, ‘सवयी’. लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

का ते सांगते. जुन्या दिवसांत आमच्यात एक बोलायची पद्धत होती, विषय रुंद करणे. श्रोता सुचवतो तो विषय त्याच्या स्वतःच्या मापाचा असतो. तो तसाच घेतला तर फोन येतात दोन, आणि उरलेला वेळ निवेदक गाणी लावत बसतो. म्हणून जरा शिवण उसवायची, कापड सोडायचं, म्हणजे तो कोणाच्याही अंगात बसतो. मानखुर्दच्या एका वॉचमनने एकदा सुचवलं होतं, सासरे वारले, त्यांचा चष्मा मी अजून शर्टाच्या खिशात ठेवतो, असं आणखी कोण करतं? मी त्याचं केलं ‘जुन्या वस्तू’. फोन धो धो आले. पितळी डबे आले, शिवणयंत्रं आली, कोणाच्या आजोबांची छत्रीसुद्धा आली. चष्मा तेवढा राहून गेला. कार्यक्रम संपल्यावर निवेदक म्हणाला, “विषय रुंद करावा तर तूच, यार.” ते मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

मंगळवारी दुपारी तीन ते पाच विषय सुचवायचे फोन घेण्याची वेळ असे. माझ्याकडे एक वही होती. तीत मी नावं लिहीत नसे, राहण्याची जागा आणि एक शब्द, एवढंच. मानखुर्द-चष्मा. मुलुंड-पोपट. त्या वहीत मरोळ-अबोला हे लागोपाठ पाच मंगळवार आहे.

मरोळचे ते गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले होते. तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेलं, लग्न केलेलं नाही, राहायला गावठाणातल्या आईबापांच्या घरात. बोलणं तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांतलं. मला ते ‘बाय’ म्हणायचे, मी त्यांना ‘अंकल’ म्हणायची.

“बाय, एक विषय हाय. अबोला.”

“नवरा-बायकोचा?”

“नाय. भावांचा. लय वर्सांचा हाय. कारण आठवत नाय, तरी चालूच हाय. असा आणखी कोणाचा हाय का, ते विचारा रेडिओवर.”

हळूहळू मला सगळं कळलं. धाकटा भाऊ त्याच घरात राहत होता. मधोमध प्लायवूडची भिंत घातलेली, इकडे मोठे, तिकडे धाकटे. पूर्वी धाकट्यांची बायको सणाला ताट घेऊन यायची आणि चार निरोपही इकडचे तिकडे व्हायचे. ती गेल्यावर तेही बंद झालं. दोन म्हातारे एका छपराखाली, आणि दोघंही गुरुवारी रात्री आमचाच कार्यक्रम लावायचे. प्लायवूडपलीकडून भावाचा रेडिओ ऐकू येतो, असं मोठे म्हणाले. त्याचा जरा मागे आहे, माझा पुढे, असंही म्हणाले, आणि त्यात त्यांना थोडा अभिमान वाटत होता.

आता माझी गोष्ट. मी घाटकोपरची. दहा बाय बाराची खोली, त्यात सात माणसं, वडील गिरणीत, गाव कोकणात. आमच्या घरी अबोला परवडणारच नव्हता. ‘सरक’, ‘पाय काढ’, ‘माझी बादली कोणी घेतली’, यातलं काहीतरी बोलावंच लागायचं. आईचा राग ताटं मांडेपर्यंत टिकायचा. मग ती भावाला हाक मारायची, “मेल्या, जेवूक ये,” आणि भांडण मिटलेलं असायचं. अबोला म्हणजे वाढलेला रुसवा, अशीच माझी समजूत होती. दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचे खोकले ऐकत, न बोलता म्हातारी होतात हे मला ऐकूनही कळलं नाही. मी ते ऐकलं आणि मला त्यात एक चांगला विषय दिसला.

पाचव्या मंगळवारी मी तो मीटिंगमध्ये मांडला. निवेदक म्हणाला, “जड आहे गं. झोपताना कोण ऐकणार?” त्या गुरुवारी एका मिठाईवाल्याची जाहिरातही होती, त्याला गोडधोड हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक मिनिटसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, “रुसवे-फुगवे.” टाळ्याच पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी मरोळला फोन केला. “अंकल, तुमचा विषय घेतलाय. पहिला फोन तुमचा.” आमचा तसा नियमच होता, ज्याने विषय सुचवला त्याचा फोन पहिला. “फक्त नाव जरा बदललंय.”

“काय ठेवलं?”

“रुसवे-फुगवे.”

मग त्यांनी विचारलं, “त्यात अबोला येतो?”

“येतो की. सगळंच येतं.”

“बरं,” ते म्हणाले.

फोन जोडण्याआधी माणूस काय बोलणार आहे ते मी विचारून घ्यायची आणि वहीत टिपून ठेवायची. कोणी रेडिओवर शिव्या देऊ नये म्हणून ही पद्धत. मरोळच्या पानावर मी लिहिलेलं अजून वाचता येतं. ‘कारण मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्याला आठवत असेल तर त्याने सांगावं. सकाळी मी ओट्यावर बसतो. माझ्या बाजूच्या नाही, मधल्या पायरीवर.’

मी म्हटलं, “अंकल, रागावू नका, पण भाऊ तर पलीकडेच आहे. जाऊन सरळ बोलत का नाही?”

तेव्हा त्यांनी मला अगदी समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. “तोंडावर बोललो तर आधी कोण बोललं ते राहतं. मी आधी बोललो की मी हरलो, तो आधी बोलला की तो हरला. रेडिओवर मी सगळ्यांशी बोलेन. त्याच्याशी नाय. मंग तो ऐकेल आणि सकाळी येईल, तर तोही आधी बोलला असं नाय होणार. मी बोललेलो असेन ना, पण त्याच्याशी नाय.”

मला हे गमतीदार वाटलं. ते मी निवेदकालाही सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. आम्ही हसलो हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गुरुवारी दहाला पाच मिनिटं असताना मी मरोळचा फोन लावून घेतला आणि नेहमीची सूचना दिली, “अंकल, रेडिओ बंद करा.” ही सूचना प्रत्येकालाच द्यायची, कारण रेडिओ चालू असला की आवाज घुमतो. नेहमी ऐकणाऱ्या सगळ्यांना ती पाठ होती, कारण निवेदकही दर थोड्या वेळाने ती म्हणायचा. त्यांनी रेडिओ बंद केला, मी फोन होल्डवर टाकला. आमच्या जुन्या यंत्रावर होल्डवरच्या माणसाला काहीही ऐकू येत नसे. म्हणजे त्यांच्या खोलीत रेडिओ बंद, कानात शांतता.

पहिला फोन त्यांचा लागायचा होता. पण सुरुवातीलाच निवेदकाने आपल्या बायकोच्या रुसव्याचा एक किस्सा सांगितला, तो भलताच रंगला, आणि काचेपलीकडून त्याने मला खूण केली. हात खालून वर, म्हणजे हलकं दे. मी मुलुंडच्या एका बाईंना लावलं. त्यांचे मिस्टर पैठणीऐवजी मिक्सर घेऊन आले होते. मग एक नवीन लग्न झालेला मुलगा. मग साठ वर्षं संसार झालेली आजी, जी आजही रुसली की आजोबांच्या चहात साखर टाकत नाही. फोनवर फोन येत होते आणि मी एकापेक्षा एक झकास फोन जोडत होते. मी मजेत होते, ते खोटं कशाला सांगू?

मधून मधून मी होल्डवरची लाइन उघडायची. “अंकल, आहात ना?” “हाय, बाय.” पंधरा-वीस मिनिटांनी परत. “आहात ना?” “हाय, बाय.” तिसऱ्यांदा उघडली तेव्हा मी विचारण्याआधीच ते म्हणाले, “हाय.”

शेवटचा फोन कोणाचा, हे माझ्या हातात होतं. निवेदकाने कोणाचं नाव घेतलं नव्हतं, तेव्हाचा प्रोड्युसर चहा प्यायला गेला होता. दोन दिवे लुकलुकत होते, एक मरोळचा आणि एक विक्रोळीच्या एका माणसाचा, ज्याची बायको रुसून माहेरी जाते पण माहेर वरच्या मजल्यावर आहे. एवढ्या हसण्यानंतर मरोळ लावला तर सगळ्याची वाट लागेल असं मला वाटलं. मी विक्रोळी लावली.

बाराला मी लाइन उघडली आणि म्हटलं, “अंकल, सॉरी हां, वेळ संपली आज. पुढच्या गुरुवारी पहिला फोन तुमचाच.”

“बरं,” ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी विषय होता उन्हाळ्याची सुट्टी. त्यात अबोला कुठे घालणार? मी फोन केला नाही. त्यांचाही मंगळवारी फोन आला नाही. दोन महिन्यांत कार्यक्रमच बंद झाला आणि मी माझी वही घरी घेऊन आले.

मग या वर्षी, त्या बिनखिडकीच्या खोलीत, गच्चीच्या चावीनंतर आणि कचऱ्याच्या वासानंतर एक व्हॉइस नोट आली. आवाज म्हातारा होता. क्षणभर मला वाटलं तेच आहेत, आणि मला बरं वाटलं. पण ते धाकटे भाऊ होते. मोठे चार वर्षांपूर्वी वारले होते.

“नमस्कार,” ते म्हणत होते. “मी मरोळवरून बोलतो. विषय असा घ्या की आपलं माणूस काय बोलणार होतं ते कळायचं राहिलं. तुमच्या कार्यक्रमात बोलणाऱ्याला रेडिओ बंद करायला सांगतात. माझ्या भावानं एका गुरुवारी रेडिओ बंद केला. मी पलीकडे ऐकत होतो. तुमचा कार्यक्रम आणि त्यानं रेडिओ बंद केला, असं कधी झालं नव्हतं. म्हणजे हा आज बोलणार. मी माझा रेडिओ मोठा केला. बारा वाजेपर्यंत बसलो. तो बोलला नाय.”

मी ती नोट परत ऐकली नाही. हेडफोन काढला, बाथरूममध्ये गेले आणि तोंडावर पाणी मारून आले. एवढी वर्षं माझी अशी समजूत होती की त्या रात्री मी एका माणसाला थांबवून ठेवलं. दोन होते.

रविवारी वही पिशवीत घालून मरोळला गेले. सगळं सांगून टाकायचं, कबूल करायचं, असं ठरवून गेले होते. गावठाणातलं घर सापडायला वेळ लागला नाही. आजूबाजूला इमारती उठल्यात, हे एक बसकं घर मध्ये राहिलंय. धाकटे ओट्यावर, मधल्या पायरीवर बसले होते. आत गेलो तर प्लायवूड अजून जागेवर होतं. काढलं नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, “त्याच्या बाजूला ठेवलेलं हाय सगळं. मधलं काढून काय करू?”

कार्यक्रमाचे फोन मीच घ्यायची, एवढं सांगून मी वही उघडली आणि ते पान वाचून दाखवलं. कारण मला आठवत नाही. त्याला आठवत असेल तर त्याने सांगावं. सकाळी मी ओट्यावर बसतो. मधल्या पायरीवर.

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि ते पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, “मला आठवत होतं.”

“काय?”

“कारण. बाप गेला, त्याच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, माझी पाळी होती कंपनीत. मी पोचलो तवर जेवणं उरकली होती. माझ्यासाठी थांबला नाय तो. बस, एवढंच.” त्यांनी हात झटकला. “त्याला ठाऊकच नाय? मला वाटायचं त्याला ठाऊक हाय आणि तरी तो बोलत नाय.”

मग त्यांनी मला त्या रात्रीचं सांगितलं, प्लायवूडपलीकडून जेवढं ऐकू आलं तेवढं. रेडिओ बंद झाला. मग भाऊ म्हणाला, हाय, बाय. मग काही नाही. मग परत, हाय, बाय. तिसऱ्यांदा नुसतं हाय. “मला वाटलं, आता लागला फोन. सगळे हसत होते रेडिओवर, मी म्हटलं, आता हा येईल. मंग तो ‘बरं’ म्हणाला आणि दिवा मालवला. मी समजलो, पलटला. ऐन वेळी नको वाटलं त्याला माझ्याशी बोलायला. सकाळी तो पायरीवर बसला होता. मी दार नाय उघडलं.”

मला तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण त्याआधीच त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “लाइन कट झाली असणार ना? तेव्हा लय कट व्हायच्या लाइनी.”

“हो,” मी म्हटलं.

“वाटलंच.”

“हो. कट झाली.”

त्यांनी चहा केला. मी प्याले. खरं सांगितलं असतं तरी त्यांना तेवढंच बरं वाटलं असतं, भाऊ पलटला नव्हता हे दोन्हींत सारखंच होतं. फरक पडला असता तो फक्त माझ्यात, की त्यांच्या भावाला दोन तास ताटकळत ठेवणारी बाई त्यांच्या समोर बसून त्यांची बिस्किटं खाते आहे हे त्यांना कळलं असतं. तेवढंसुद्धा माझ्याच्याने झालं नाही.

सोमवारी मी तो विषय यादीत पहिला ठेवला. प्रोड्युसर म्हणाली, “मस्त आहे. पण मॅम, थोडा ब्रॉड करू या ना? ‘न बोललेल्या गोष्टी’ वगैरे?” मी नाही म्हटलं. ती पुढे काही बोलणार होती, तिला मी बोलू दिलं नाही. जरा जास्तच जोरात नाही म्हटलं असावं, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. विषय गेला तो धाकट्यांच्याच शब्दांत गेला. फोन फार आले नाहीत, नऊच. पण त्यातला एकही फोन मिक्सरचा नव्हता.

पहिला फोन मरोळचा. मी स्वतः लावला. सांगितलं, “अंकल, रेडिओ बंद करा.” त्यांनी विचारलं, “दोन्हीकडचा?” मी म्हटलं, हो. त्यांना प्लायवूडला वळसा घालून भावाच्या खोलीत जावं लागलं, त्यांच्या चपलांचा आवाज मला ऐकू आला. होल्डवर मी त्यांना ठेवलं नाही. सरळ जोडलं.

ते छान बोलले. चेंगटपणा नाही, रडणं नाही. भाऊ काय बोलणार होता ते त्यांनी सांगितलं, वहीत होतं तसंच, शब्दही बदलला नाही. मिस्सेचं जेवण सांगितलं. नव्या निवेदिकेने हळूच विचारलं, मग त्या रात्री ते बोलले का नाहीत? आणि ते म्हणाले, “लाइन कट झाली होती. कुणाचा दोष नाय त्यात.”

मी समोर बसले होते. निवेदिकेच्या हेडफोनमध्ये मला एक वाक्य सांगता आलं असतं. बटण माझ्या हाताखालीच होतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगत होते, बघ, कसे बोलले ते, आणि मध्येच माझं मलाच थांबावं लागलं. प्लायवूडपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. तीनदा हाय, आणि शेवटी बरं. लाइन कट झाल्यावर माणूस हॅलो हॅलो करतो. बरं म्हणत नाही. बरं म्हणायला पलीकडे कोणीतरी असावं लागतं, आणि भाऊ त्या कोणाला ‘बाय’ म्हणत होता तेही त्यांनी ऐकलं होतं. मी पायरीवरून वर आले तेव्हाच त्यांना ठाऊक असणार. मला सांगायला जमत नाही हे त्यांनी बघितलं आणि लाइन कट झाली असं माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं.

आता ते अधूनमधून मंगळवारी विषय पाठवतात. शेवटी विचारतात, “बाय, बरी हाय ना?” मी उलट विचारते, “अंकल, तब्येत?” त्या रात्रीबद्दल तेही काही म्हणत नाहीत, मीही नाही. या वेळी आधी कोणी बोलायचं याबद्दल काही वाद नाही. मीच बोलायचं आहे.

म्हणून इथे लिहिलं. लाइन कट झाली नव्हती. दोन तास ती चालू होती, आणि मी ती तीनदा उघडून बंद केली. पण लिहून होत आलं तेव्हा लक्षात आलं की मी हे सगळ्यांना सांगते आहे, त्यांना नाही. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्याला जायला पंधरा मिनिटं लागतात. ते सकाळी पायरीवर बसलेले असतात. मी अजून गेलेले नाही.